तुम्ही दगडांना सांगितलेलं नाव

आई, तुम्हाला जाऊन अजून महिना व्हायचाय आणि मी तुमच्याशी भांडायला बसले आहे. इथे लायडनमध्ये माझ्याशी मनासारखं भांडणारं दुसरं कोणी नाही. वाद सुरू झाला की अमोल भांडी घासायला उठतो, आणि रेवा डच शाळेत वाढलेली, ती दोघांचंही ऐकून घेऊन मधला मार्ग काढते. मधला मार्ग काढणाऱ्यांशी काय डोंबल भांडणार? भांडावं ते तुमच्याशीच. सून म्हणून तुम्ही मला एका शब्दाची सूट दिली नाहीत, आणि त्याबद्दल मी तुमची आभारी आहे.

आपलं खरं भांडण मात्र एकच होतं, आणि ते माझ्या लग्नापासूनचं. अमोलला एक मोठी बहीण होती. तो पाच वर्षांचा असताना ती तापाच्या निमित्तानं गेली. लग्नाआधी त्यानं मला एवढंच सांगितलं होतं. नाव विचारलं तर म्हणाला, "आमच्याकडे ते काढत नाहीत." अण्णा, म्हणजे तुमचे यजमान, काही कठोर माणूस नव्हते. पण तिचं नाव निघालं की ते भरल्या पानावरून उठायचे, म्हणून तुम्ही नाव गिळलंत आणि लहानग्या अमोललाही गिळायला लावलंत. पुढे अण्णा गेले. मला वाटलं, आता तरी बोलाल. तुम्ही गप्पच.

रेवाच्या बारशाला मी तोंड उघडलंच. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि तिथे बसली होती अमोलची चुलतबहीण. मी म्हटलं, "हिच्या खऱ्या आत्याचं नाव तरी हिच्या कानात सांगा कोणीतरी." तुम्ही पाळण्याची दोरी माझ्या हातात दिलीत आणि आत निघून गेलात. त्यानंतर दोन दिवस आपण फक्त भाजीपुरतं बोललो. मी चुकले असं मला तेव्हा वाटलं नव्हतं आणि आजही वाटत नाही.

आणि शेवटी तुम्ही कबूल झालात. "अमोलला मी सांगेन. माझं मी सांगेन, तू मध्ये पडू नकोस," असं मला बजावलंत, आणि न सांगताच गेलात. हे बरं केलं नाहीत. हेच सांगायला मी बसले आहे, पण ते नीट सांगायचं तर करोनाच्या आदल्या नाताळापासून सुरुवात करायला हवी.

आपण सगळे तुमच्या बहिणीकडे, मेलबर्नला जमलो होतो. अमोल मावशींच्या यजमानांबरोबर क्रिकेटची मॅच बघायला गेला आणि तुम्ही, मी आणि रेवा अशा आपण तिघी एका टूरच्या बसमधून डोंगरात गेलो. तिथल्या आदिवासींची जुनी जागा होती ती, ऑस्ट्रेलियातल्या मूळ माणसांची. खडकांवर त्यांनी काढलेली चित्रं, आणि जंगलातून चालायच्या आखलेल्या वाटा. तुम्हाला खरं तर मॉलमध्ये जायचं होतं. निलगिरीच्या झाडांमधून चालताना तुम्ही नाकाला पदर लावलात आणि म्हणालात, "सगळ्या जंगलाला सर्दी झालीय की काय?"

वाट दाखवायला त्यांच्यातल्याच एक बाई होत्या, पांढऱ्या केसांच्या, टोपी घातलेल्या. सगळे त्यांना आंटी म्हणत होते. त्यांच्याकडे वडीलधाऱ्या बाईला मानानं आंटी म्हणतात, हे मी तुम्हाला सांगितलं. "माझ्याच वयाची आहे. मी ताई म्हणेन," तुम्ही म्हणालात आणि दिवसभर त्यांना ताईच म्हणालात. त्यांनीही दुसऱ्या हाकेला ओ दिली.

चालायला लागायच्या आधी त्या म्हणाल्या, आता आपण दुसऱ्याच्या घरात पाऊल ठेवतोय, तेव्हा या जागेला सांगा, तुम्ही कोण आणि कुणाच्या. बसमधली बाकीची माणसं ओशाळून हसली. तुम्हाला त्यात ओशाळण्यासारखं काही वाटलं नाही. कोण, कुठली, कुणाची, हे तर तुम्ही रिक्षावाल्यालाही विचारायचात. तुम्ही चपला काढल्यात, हात जोडलेत आणि माहेर साताऱ्याचं, सासर पुण्याचं, गोत्र काश्यप, असं सगळं त्या डोंगराला मराठीत सांगितलंत. रेवानं मध्येच टोकलं, "आजी, आजोबांचं नेम नाही सांगितलं!"

"नवऱ्याचं नाव असं घेत नाहीत गं."

"व्हाय नॉट? कसं घेतात मग?"

तेव्हा तुम्ही लाजलात, आई. सत्तरी ओलांडलेल्या तुम्ही, त्या परक्या जंगलात, त्या अनोळखी माणसांसमोर चक्क लाजलात, आणि उभ्या उभ्या जुळवून उखाणा घेतलात:

"गेरूचे पंजे खडकावर, आभाळ निळंशार,
दत्तात्रयरावांचं नाव घेते सात समुद्रांपार."

मी आंटींना अर्थ सांगितला. नवऱ्याचं नाव घ्यायला आमच्याकडे कविता करावी लागते, असं म्हटल्यावर त्या पोट धरून हसल्या आणि त्यांनी तुमच्या पाठीवर थाप मारली.

गेरूचे पंजे तुम्ही माहितीपत्रकात बघून ठेवले होते. प्रत्यक्षात ते एका झुकलेल्या कातळाखाली होते, आणि पुढे जाळी लावलेली. खडकावर हात ठेवायचा, तोंडात भिजवलेला गेरू घेऊन त्याच्याभोवती फुंकायचा, हात उचलला की खडकावर त्याची जागा उरते, असं आंटींनी दाखवलं. "हा आपला तुळशीच्या कुंडीला लावतो तो गेरूच," असं तुम्ही मला पुन्हा पुन्हा सांगत होतात. मग तुम्हाला खालच्या अंगाला एक लहान पंजा दिसला. पोराचा असावा. तुम्ही जाळीच्या अलीकडून, हवेतच, आपला पंजा त्याच्यासमोर धरलात. बरोबरची माणसं पुढे गेली तरी तुमचा हात तसाच होता. मी काही बोलले नाही, आणि मी न बोलणं किती अवघड असतं हे तुम्ही जाणताच.

परतताना माहितीकेंद्राच्या दारावर एक पाटी होती. रेवानं ती वाचून दाखवली. "आजी, इथे लिहिलंय की आत जे डेड झालेत त्यांचे फोटो आणि नेम्स आहेत, सो बी केअरफुल."

"मेलेल्यांना काय घाबरायचं?" तुम्ही म्हणालात.

आंटींनी समजावून सांगितलं आणि मी ते मराठीत करत गेले. सगळ्यांकडे सारखं नसतं, त्या म्हणाल्या, पण माझ्या आजीच्या माणसांमध्ये कोणी गेलं की बराच काळ त्याचं नाव घेत नाहीत. फोटो ठेवून देतात. त्याच नावाचं दुसरं कोणी असेल तर त्यालाही वेगळी हाक मारतात.

मला वाटलं, झालं! आता तुम्ही मला ऐकवणार की बघ, शहाणी माणसं असंच करतात. तुम्ही मात्र वेगळंच विचारलंत. "ताई, मग परत कधी घेतात?"

"घरातली मोठी माणसं ठरवतात," आंटी म्हणाल्या. "दुःख जरा निवलं की नाव परत येतं. कायमचं नाही ठेवून देत. कायमचं ठेवलं तर मुलांना कळणार कसं, कोण होतं ते?"



मेलबर्नहून तुम्ही आमच्याबरोबर इथे आलात, मार्चचं परतीचं तिकीट काढून. मार्चमध्ये विमानंच बंद झाली. तेव्हा मी अमोलजवळ कुरकुर केली होती हे तुम्हाला ठाऊक असणार, कारण आमच्या घराच्या भिंती पुठ्ठ्याच्या आहेत. आज वाटतं, किती बरं झालं अडकलात ते. माझी लॅबमध्ये आळीपाळीनं ड्युटी, अमोल सकाळपासून हेडफोन लावून मीटिंगमध्ये, रेवाची शाळा स्वयंपाकघराच्या टेबलावर, आणि संध्याकाळी आपण दोघी कालव्याच्या काठानं चालायला बाहेर. समोरून कोणी आलं की माणसं दीड मीटर बाजूला व्हायची, तेव्हा तुम्ही म्हणायचात, "आख्खं हॉलंड सोवळ्यात आहे." दुकानाबाहेर ट्रॉलीच्या दांड्या पुसणाऱ्या मुलाला तर तुम्ही कौतुकानं भटजी म्हणायचात.

अशाच एका संध्याकाळी, बदकांना पाव घालू नये अशा पाटीसमोर पाव घालता घालता, तुम्ही आपण होऊन विषय काढलात. "रेवा आता तिच्याएवढी झाली," तुम्ही म्हणालात. मग म्हणालात, "नवऱ्याचं नाव घ्यायला उखाण्याची सोय आहे गं. लेकीचं नाव घ्यायला काय आहे?"

माझ्याकडे प्रत्येक गोष्टीवर उत्तर असतं, हा तुमचा माझ्यावरचा कायमचा आरोप. त्या दिवशी नव्हतं. इतकी वर्षं मला वाटत होतं की तुम्ही हट्टानं गप्प आहात. बोलायचं असून बोलायची वाट सापडत नाही, असंही असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मी नुसता तुमचा हात धरला आणि आपण घरी आलो.

जूनमध्ये जरा मोकळीक मिळाली, तेव्हा रेवानं शाळेच्या प्रकल्पासाठी उत्तरेकडे, ड्रेंथमध्ये जायचा हट्ट धरला. तिथे जंगलातल्या पायवाटांवर हजारो वर्षांपूर्वीची थडगी आहेत, हत्तीएवढे दगड एकावर एक ठेवून रचलेली. डच लोक त्यांना हुनेबेड म्हणतात. अमोलला सुट्टी नव्हती. मी गाडी काढली, तुम्ही दशम्या आणि चटणी बांधलीत.

पहिल्याच थडग्यापाशी तुमचा हात चपलांकडे गेला. मी म्हटलं, "आई, देऊळ नाहीये ते." तुम्ही म्हणालात, "माणसं निजलीत ना?" चपला बाजूला ठेवल्यात, पिशवीतली साखरेची पुडी सोडून चिमूटभर साखर दगडावर ठेवलीत आणि प्रदक्षिणा घालायला लागलात. तेवढ्यात सायकलवरून एक डच आजी-आजोबा आले. त्या दिवसांत जिथे तिथे बाण लावून एकाच दिशेनं चालायला लावायचे, तेव्हा त्यांना वाटलं इथलाही मार्ग असाच असणार. ते बिचारे तुमच्या मागे बरोबर दीड मीटर अंतर ठेवून थडग्याला प्रदक्षिणा घालू लागले. रेवा हसून हसून गवतात लोळली. तुम्ही मागे वळून बघितलंत आणि मला म्हणालात, "बघ, भाविक माणसं आहेत!"

प्रदक्षिणा झाल्यावर तुम्ही विचारलंत, "कोणाकोणाची आहेत ही?"

"इथल्या पहिल्या शेतकऱ्यांची," मी म्हटलं. "नावं माहीत नाहीत कोणाला."

"एकाचंही नाही?"

"एकाचंही नाही."

"एवढाले दगड राहिले आणि नाव एकाचंही नाही," तुम्ही म्हणालात. दगडावर तुम्ही तळहात ठेवलात. मग त्या डोंगराला सांगितलं होतं तसंच यांनाही सांगायला लागलात. माहेर साताऱ्याचं, सासर पुण्याचं, गोत्र काश्यप. "मी अमोलची आई," तुम्ही म्हणालात. आणि मग, "आणि बकुळची आई."

बकुळ. लग्नानंतर पहिल्यांदा मी माझ्या नणंदेचं नाव ऐकलं, ते ड्रेंथच्या जंगलात. मला रडू आलं. तुम्हाला नाही आलं. उलट ओझं खाली ठेवलेल्या बाईसारख्या तुम्ही दगडाशीच बसलात आणि दशम्या काढायला सांगितल्यात.

"हू इज बकुळ?" रेवानं विचारलं.

"तुझी आत्या."

परतीच्या वाटेवर तुम्ही थोडं थोडं सांगितलंत. तिला मुलांसारखी शिट्टी वाजवता यायची. ती भातातले मटार वेचून अमोलच्या ताटात टाकायची. तिच्या परकराच्या खिशात कायम चिंच असायची. आम्ही आणखी विचारायला लागलो तेव्हा म्हणालात, "बाकीचं अमोलसमोर. त्याला मी सांगेन. माझं मी सांगेन, तू मध्ये पडू नकोस." रेवाकडूनही तुम्ही वचन घेतलंत.

मग तुम्हाला धीर झाला नाही. मी बघत होते ना. तो जेवायला बसला की तुम्ही त्याच्यासमोर बसायचात, त्याला आणखी एक पोळी वाढायचात आणि उठायचात. विमानं सुरू झाल्यावर विमानतळावर त्याला पोटाशी धरलंत तेव्हा मला वाटलं, आता. तुम्ही त्याच्या कानात काहीतरी बोललातही. गाडीत मी हळूच विचारलं, तर तो म्हणाला, "फ्रीजमध्ये कैरीचं लोणचं ठेवलंय म्हणाली." कमाल आहे तुमची! त्यानंतर दर रविवारी फोनवर मी तुम्हाला डोळे मोठे करून दाखवायची आणि तुम्ही म्हणायचात, "समोर आले की बोलू. असल्या गोष्टी फोनवर बोलायच्या नसतात."

आणि समोर येणं राहूनच गेलं. या वसंतात, तिकडे पुण्यात दुसऱ्या लाटेनं सगळं उलटंपालटं झालेलं असताना, तुम्ही एका दुपारी झोपलात त्या उठला नाहीत. करोना नाही, दवाखाना नाही, धावपळ नाही. अमोलच्या चुलतभावानं, मिलिंदनं अग्नी दिला. विमानं पुन्हा बंद होती. अमोलनं सगळं फोनच्या पडद्यावर बघितलं, आणि मग उठून नेहमीसारखा भांडी घासत उभा राहिला. घासलेलीच भांडी तो पुन्हा पुन्हा घासत होता.

मला तेव्हा तुमचा राग आला, आई. दुःख होतंच, पण रागही आला. आता अमोलच्या बहिणीचं नाव तुमच्या तोंडून फक्त मी आणि रेवानं ऐकलेलं होतं, तिच्या सख्ख्या भावासमोर घेतलं गेलं नव्हतं, आणि सांगायचं कोणी याचा निकाल तुम्ही लावून ठेवला होता. मी सांगितलं तर तुमचा शब्द मोडतो. नाही सांगितलं तर तेही त्या दगडांखालच्या माणसांसारखं होणार. रेवा येता-जाता माझ्याकडे बघायची. मी मान हलवायची. थांब.

तेराव्याला गुरुजी पुण्यात मिलिंदजवळ बसले आणि आम्ही इथे लॅपटॉपसमोर. ताम्हण नव्हतं, स्टीलची परात घेतली. काळे तीळ इथल्या सुरिनामी हिंदुस्थानींच्या दुकानातून आणले. दर्भ कुठून आणणार? "गवताची काडी चालेल," गुरुजी म्हणाले, आणि रेवा कालव्याच्या काठावरून मूठभर गवत उपटून घेऊन आली. अमोल तिळाचं पाणी सोडत होता. तुमचं नाव, अण्णांचं नाव, आजी-आजोबांची नावं. शेवटी गुरुजींनी विचारलं, "घरात आणखी कोणी आधी गेलेलं? भाऊ, बहीण? त्यांनाही पाणी देऊन टाकू."

अमोलचा हात परातीवर तसाच थांबला. रेवानं माझा कुर्ता मुठीत धरला. मी ठरवलं, आता बास. तुमचा शब्द मोडायचा आणि पुढच्या जन्मी काय भांडायचं ते भांडू. मी तोंड उघडलं, आणि माझ्याआधी अमोल बोलला.

"बकूताई."

आवाज ओळखू येईना, इतका तो लहान झाला होता.

"पूर्ण नाव सांगा," गुरुजी म्हणाले.

"बकुळ. बकुळ दत्तात्रय. माझी मोठी बहीण. नऊ वर्षांची होती." मग तो जरा घाबरूनच म्हणाला, "लहान होती हो. चालतं का?"

"पाणी द्यायला कुणाची ना नसते. द्या," गुरुजी म्हणाले.

त्यानं पाणी सोडलं. आई, तुम्ही ज्याला सांगायला घाबरत होतात त्याच्याकडे ते नाव सगळं जपून ठेवलेलं होतं. तुम्हाला त्रास होईल म्हणून तो गप्प, आणि त्याला त्रास होईल म्हणून तुम्ही. दोघांनी मिळून एकाच ताटाचे दोन काठ धरून ठेवले होते आणि मध्ये मी आपली बोलत सुटलेली! मी त्याला ड्रेंथचं सगळं सांगितलं. तुम्ही दगडावर हात ठेवून काय म्हणालात तेही. तो खूप रडला, आणि "एकदा तरी बोलायचं होतंस, आई," असं त्यानं तुमच्या फोटोला चांगलं रागावून म्हटलं. तुम्हाला तो पहिल्यांदाच रागावला असेल.

तेव्हापासून तो थांबायचं नाव घेत नाहीये. रोज जेवताना काहीतरी निघतं. बकूताईनं त्याला पाठुंगळीला घेऊन पर्वती चढवली होती म्हणे. खरं आहे का हो? नऊ वर्षांची पोर पाच वर्षांच्या गोळ्याला घेऊन पर्वती चढते, मला तर थाप वाटते. तुम्ही असता तर म्हणाला असतात, "पाठुंगळी कसली, फरफटत नेली होती." खरंखोटं करायला आता तुम्ही नाही आहात, आणि ही उणीव काही भरून यायची नाही. पण निदान खोटं बोलायला तरी या घरात कोणीतरी तोंड उघडलंय.

हे लिहीत बसलेय आणि आत ताटं वाढून केव्हाची गार होत आहेत. अमोल कुठल्या तरी पतंगाची आणि शेजारच्या फुटलेल्या काचेची गोष्ट सांगतोय. मध्येच तो आठवायला थांबला, तर रेवाला धीर निघेना.

"बाबा, सांगा ना," ती म्हणतेय. "मग आत्या काय म्हणाली?"